पाणी प्यालात का?

३ मार्च, सोमवार

जिन्यात झालं. सगळं नाही, पण झालं! तळघरातून वर जाताना, मधल्या वळणावर, कठडा धरून उभी होते तिथेच. वरून एक वॉर्डबॉय उतरत होता. त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्याचे उपकार मानावेत की त्याला एक ठेवून द्यावी, कळेना.

मी! लांब पल्ल्याच्या गाडीवर अख्खी नोकरी काढलेली कंडक्टर! आमच्या डेपोत बायकांचं शौचालय म्हणजे टायर-ट्यूब ठेवायची खोली. त्यामुळे सकाळी घर सोडलं की परत येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, ही सवय. ड्रायव्हर लोक म्हणायचे, "बाईचं इंजिन भारी, पाणीच लागत नाही." मी पण हसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! आणि आता त्याच लघवीच्या पिशवीत गाठ. किरणं घेऊन घेऊन पिशवी अशी चिडलीय की अर्धा पेला पाणी गेलं तरी आग आग. मालकिणीवर गेलीय.

इथला नियम असा — आधी मोकळं होऊन यायचं, मग पेले भरभरून पाणी प्यायचं, मग बसून राहायचं. पिशवी टम्म भरली की आत. किरणं संपली की पळायचं. पण पळायचं कुठं? पुरुषांचं शौचालय समोर, चार पावलांवर. बायकांच्या दाराला कुलूप! "वरच्या मजल्यावर जा." लिफ्ट स्ट्रेचरसाठी. जिना चढा.

उद्यापासून पाणी बंद. विचारलं तर हो म्हणायचं.

४ मार्च, मंगळवार

"पाणी प्यालात का?" "हो." झालं. कुणी मरत नाही. जिना चढून गेले, कोरडी.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरांना मी मनातल्या मनात 'बघूया' म्हणते. काहीही विचारा, "बघूया." दुखेल का? बघूया. कामावर कधी जाऊ? बघूया. आज धरलंच त्यांना. म्हटलं, बघूया बघूया पुरे, एकदा काय ते नीट सांगा. तर सांगितलं. निम्मी किरणं झाली की एमआरआय. त्यात गाठ विरघळलेली दिसली तर उरलेली किरणं द्यायची आणि पिशवी वाचली. नाही विरघळली तर पिशवी काढायची. मग पोटाला भोक, त्यावर बाहेरून चिकटवलेली थैली, लघवी त्यात. जन्मभर.

मी म्हटलं, गाडीत गर्दी असते, धक्के लागतात, थैली फुटली तर? म्हणाले, "टेबलावरचं काम मिळेल की तुम्हाला." मिळेल की! ह्यांना काय माहीत, चालत्या गाडीत कशाला न धरता उभं राहणं म्हणजे काय असतं ते. मला टेबल नको. माझी गाडी हवी.

एमआरआय सोमवारी.

शेजारी इस्त्रीवाली बसते रोज. स्वतःचं दुकान आहे, कपड्यांना इस्त्री करायचं. तिलाही माझ्यासारखीच गाठ, तीच पिशवी. तिचा मधला एमआरआय होऊन गेलाय, रिपोर्ट यायचाय. येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे बघत असते. मला म्हणाली, "कंडक्टरबाई, कॉलर उलट्या बाजूनं दाबता हो तुम्ही, म्हणून वळते." आणि दर दोन वाक्यांमागे देवाची कृपा. गाडी वेळेवर आली, कृपा. सुई एकदाच टोचली, कृपा. मी म्हटलं, गाठ झाली ती कुणाची कृपा? रागावली नाही. म्हणाली, "लवकर कळली ना, ती."

अशा माणसांचा मला फार राग येतो. आणि ती नसली की जागा रिकामी वाटते, त्याचाही!

१० मार्च, सोमवार

एमआरआय झाला. नवरा बरोबर होता. पोस्टातून अर्धी रजा काढून आला आणि बाहेर बसून पेपर वाचत राहिला, तेच ते पान. 

केसातल्या पिनासुद्धा काढून घेतल्या. आत यंत्रावर एक तरुण पोरगी आहे. काचेपलीकडून माइकवर सारखं तेच, "हलू नका हं. हलू नका." मी तिचं नावच 'हलू-नका' ठेवलंय. हातात एक रबरी फुगा दिला, त्रास झाला तर दाबा म्हणाली. दाबला नाही. गिअर अडकलेल्या जुन्या गाडीत डोकं घालून पडल्यासारखा आवाज. ठकठक, घर्रर्र, मग अचानक गप्प. त्या गप्प वेळी जास्त भीती वाटली.

"पाणी प्यालात का?" तिनंही विचारलं. हो म्हटलं. दोन घोट घेतले होते. ते पाणीच की!

१३ मार्च, गुरुवार

बघूया आज बघूया म्हणाले नाहीत.

पडद्यावर फोटो लावला. पेनानं दाखवलं. "ही भिंत अजून जाड आहे. हवा तसा प्रतिसाद नाही." नवऱ्यानं विचारलं, दुर्बीण घालून एकदा बघता येणार नाही का? तर आत किरणांनी सगळं लालभडक झालंय, त्यात दुर्बीण फसवते, तुकडा काढला तर रक्त थांबत नाही. म्हणून भिस्त एमआरआयवर. "पिशवी काढणं सुरक्षित." किरणं आजपासून बंद. ऑपरेशन महिनाअखेरीस.

मी विचारलं, इतकी वर्षं दाबून धरली त्यानं झालं का हे? म्हणाले, तसा संबंध आहे असं म्हणता येत नाही.

म्हणता येत नाही! सगळ्या जगाला सगळं म्हणता येतं, फक्त माझ्या बाबतीत म्हणता येत नाही. मी उभी राहिले आणि खुर्ची जोरात मागे सरकवली. ती पडली. उचलली नाही. नवऱ्यानं उचलली आणि वर "सॉरी" म्हणाला. खुर्चीला म्हणाला की डॉक्टरला, देव जाणे. गाडीत बसल्यावर त्याच्यावर ओरडले — भांडत का नाहीस तू कधी कुणाशी? म्हणाला, "डॉक्टर सांगतात तर..." पुढचं ऐकलं नाही मी.

१४ मार्च, शुक्रवार

वन्संचा फोन. कुठलीशी मुळी उगाळून प्यायला सांगत होत्या. "आमच्या शेजारणीच्या भावजयीला गुण आला." तिला काय झालं होतं? गुडघे! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. फोन ठेवून दिला. आता नवऱ्याकडे माझी तक्रार जाईल. जाऊ दे.

१६ मार्च, रविवार

आज घरात जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. इथं लिहिते.

दुपारी झोपून उठले तर हा स्वयंपाकघरात चहा करतोय. चालणं विचित्र. एक हात पोटाशी. म्हटलं, काय झालं, पोट दुखतंय? नाही म्हणाला. सदरा वर केला — पोटाला थैली! रुग्णालयातून नमुन्याची एक मागून आणली होती, मला न सांगता. तिच्यात कोमट पाणी भरून पोटावर चिकटवून सकाळपासून घरभर फिरतोय! बाजारात जाऊन आला. जिने चढला-उतरला. स्टुलावर चढून पंखा पुसला!

"जमतंय गं," म्हणाला. "वाकताना जरा सांभाळायला लागतं. बसमध्ये पण उभा राहून आलो दोन स्टॉप. कुणाला कळलं नाही."

मी काय करावं? किंचाळले त्याच्या अंगावर. माझ्या जखमेची नाटकं करतोस का, म्हणाले. कुणी सांगितलं होतं, म्हणाले. तो गांगरून मागे सरला, ओट्याचा कोपरा थैलीला लागला आणि सगळं पाणी पायजम्यावरून फरशीवर. दोघंही त्या पाण्यात उभे. त्याचं तोंड असं झालं की मला हसू फुटलं. मग रडू. तो पुसायला फडकं शोधत राहिला, सापडेना, शेवटी सदऱ्यानंच पुसलं.

ह्या माणसावर माझा जीव आहे. त्याचा असा राग येतो की तो जीव दिसतच नाही मला एरवी.

पण मला ती थैली नको. नको म्हणजे नको!

१७ मार्च, सोमवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

ऑपरेशनवाल्यांना फोटोंची सीडी हवी म्हणून तळघरात गेले. थांबा म्हणाले. बसले. इस्त्रीवाली दिसली नाही. तिची किरणं संपली असतील, सुटली एकदाची. तिच्या जागी एक नवी बाई, हातात पाण्याचा पेला. बसल्या बसल्या माझं लक्ष कोपऱ्यातल्या कुंडीकडे गेलं. तळघर, ऊन नाही, वारा नाही, आणि झाड बघावं तर कसं — छताला टेकलेलं, पानं ताटाएवढी! पुरुषांच्या बाजूलाही एक कुंडी आहे. त्यातलं झाड वाळून काडी झालंय.

नव्या बाईनं इकडे तिकडे बघितलं आणि पेला कुंडीत ओतला.

थोड्या वेळानं दुसरीनं ओतला.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. गाडीत विनातिकीट धरते तशी धरली दोघींना. म्हटलं, पाणी का ओतता? आधी दोघी कानकोंड्या झाल्या. मग नवी म्हणाली, "काय करू ताई? प्यायलं की मला तो जिना चढवत नाही. परवा फजिती झाली." दुसरी नुसती मान हलवत राहिली. इथल्या सगळ्याजणी ओततात म्हणे. मी बाटलीत ओतते, त्या कुंडीत. सगळ्या हो म्हणतात, सगळ्या कोरड्या!

तेवढ्यात हलू-नका बाहेर आली, सीडी घेऊन. मला काय सुचलं कोण जाणे, तिला विचारलं — पिशवी भरलेली नसताना फोटो काढला तर काय दिसतं?

तिनं सीडी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "फुगा फुगवलाच नाही तर सुरकुतलेला दिसतो ना, तसं. भिंत जाड दिसते. गाठ कुठली आणि नुसती घडी कुठली, सांगणं कठीण."

माझ्या फोटोत कशी होती पिशवी?

"कमी भरलेली होती. मी म्हटलं होतं वर, परत बोलवूया का. म्हणाले लिस्ट लांब आहे, पुढचा पेशंट घ्या. तुम्हीही हो म्हणाला होतात, मावशी..."

हो. म्हणाले होते. पण कशामुळे म्हणाले? घोडं पेंड खातंय ते तिथं, त्या कुलपात! एका कुलपापायी माझी पिशवी कापायला निघालेत!

१८ मार्च, मंगळवार

बघूयांना गाठलं. सांगितलं सगळं. परत एमआरआय करा. ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले, लिस्ट दोन आठवडे भरलीय. तोवर ऑपरेशनची तारीख जाते. आणि म्हणाले, बघूया.

मग कुलूपवाल्याकडे. सफाईचा सुपरवायझर. कमरेला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा, चालला की देवळातल्या घंटेसारखा वाजतो. आत काय आहे विचारलं. "जुन्या खुर्च्या, खोकी." बाहेर काढा. "ठेवू कुठं?" तुझ्या डोक्यावर, असं ओठांवर आलं होतं. म्हटलं, वरती कळवा. "वरून ऑर्डर पाहिजे. आणि मॅडम, बायका ड्रेनेज तुंबवतात."

चोराच्या उलट्या बोंबा! आमच्या डेपोतला सुपरवायझर होता तोही हेच म्हणायचा. शब्द न् शब्द तोच. ह्यांची एक शाळा असते का कुठं?

१९ मार्च, बुधवार

आज गाडी थांबवली.

दोन घंटा दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. कितीही मोठा ड्रायव्हर असू दे. हे मला येतं, एवढंच येतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन एमआरआयच्या दारापाशी खुर्ची टाकली. एकेक बाई येत गेली, तिला सांगत गेले — नाव पुकारलं तर उठायचं नाही. पाणीही प्यायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. "पाणी प्यालात का?" विचारलं की म्हणायचं, नाही, कुलूप उघडा. एकीचा नवरा ओरडला, "आमची तारीख जाईल, तुमचं काय जातंय?" माझं काय जातंय ते त्याला सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, पिशवी, थैली, जिना, सगळं. गाडीत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं त्या आवाजात. तो खाली बसला. त्याची बायको मात्र उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

पहिलं नाव पुकारलं. "पाणी प्यालात का?" "नाही. कुलूप उघडा." दुसरं. तिसरं. आज बहुतेक बायकाच लिस्टवर! मधे एक पुरुष पेशंट होता, त्याला जाऊ दिलं, त्याची काय चूक. नंतर यंत्र रिकामं. हलू-नका काचेपलीकडे हाताची घडी घालून उभी. तीही वरच्या मजल्यावर पळत असते दिवसभर, तिला काय कळत नाही? जुडगा आला, गेला. एक टाय लावलेला आला. "तुम्ही उपचारात अडथळा आणताय." मी म्हटलं, अडथळ्याला कुलूप तुम्ही लावलंय.

मग बघूया आले. टायवाल्यानं त्यांना बाजूला घेतलं. तेव्हा हलू-नका बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, ह्या बायकांचे बरेचसे फोटो अपुऱ्या भरलेल्या पिशवीचे आहेत. मी सांगत होते." बघूयांचा चेहरा पडला. पहिल्यांदा माणसासारखे दिसले. टायवाल्याकडे वळून म्हणाले, "उघडा ते. आत्ता."

जुडग्याला त्या कुलपाची किल्लीच सापडेना! शेवटी कुलूप फोडलं. खुर्च्या, खोकी, मोडका पंखा, एक कपाट. आम्हीच ओढून काढलं, तो बघत उभा. नळाला आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला नाही वाजवाव्याशा वाटल्या. हे मागायला लागलं, ह्याचीच लाज वाटली. त्यांची लाज, पण वाटली मला.

बघूया जाताना म्हणाले, "उद्या सकाळी लिस्ट सुरू व्हायच्या आधी या. पाणी पिऊन." 

२० मार्च, गुरुवार

प्याले. पेल्यावर पेला. इतकी आग की डोळ्यांतून पाणी. हलू-नकानं आधी फोटो घेऊन बघितलं, "अजून थोडं थांबू, मावशी. भरू दे." थांबलो. त्या बोगद्यात दात आवळून पडून राहिले. फुगा दाबला नाही.

बाहेर आले आणि चार पावलं चालले. चार पावलं! दार लावलं. आत बसून बराच वेळ नुसती शिव्या देत होते. कुणाला ते नक्की नाही. सगळ्यांना.

२४ मार्च, सोमवार

गाठ नाही.

बघूयांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात सुरकुतलेलं काहीतरी, पिळून टाकलेल्या फडक्यासारखं. दुसऱ्यात गोल, भिंत पातळ, गाठ होती तिथं नुसता एक फिकट डाग. "हा व्रण आहे. गाठ विरघळलीय." ऑपरेशन रद्द. उद्यापासून उरलेली किरणं. पुढेही लक्ष ठेवावं लागेल, पण पिशवी राहते. म्हणाले, "तुम्ही भांडलात ते बरं केलंत." नवरा रडायला लागला, सरळ त्यांच्यासमोर. ह्या वेळी मी खुर्ची जागेवर नीट ठेवून उठले.

आनंद झाला. खूप झाला, उगाच नाही कशाला म्हणू? घरी येताना दोघांनी गाडीत मागच्या बाकावर बसून, तिकीट काढून, शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं. आलो तसे. पण राग काही गेला नाही. त्यांच्याकडे यंत्रं आहेत शरीराच्या आतलं दाखवणारी, आणि एक दार उघडायला माणूस नाही!

२८ मार्च, शुक्रवार

किरणं चालू. पाणी पिते. कुंडीतलं झाड सुकायला लागलंय. वॉर्डबॉयला म्हटलं, त्याला जरा पाणी घाल आता तू.

३ एप्रिल, गुरुवार

औषधांच्या खिडकीपाशी इस्त्रीवाली भेटली. मला वाटलं होतं किरणं संपून ती घरी गेली. नव्हती गेली. तिलाही भिंत जाड आहे म्हणाले होते. मी आले नव्हते त्या दिवसांत तिचं ऑपरेशन झालं. हळू चालत होती, एक हात पोटाशी.

माझा हात धरून म्हणाली, "कंडक्टरबाई, काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती ना, त्याचा रिपोर्ट आला! आत गाठीचा मागमूससुद्धा नाही म्हणे. सगळं स्वच्छ! डॉक्टरसुद्धा बघत राहिले. देवाची केवढी कृपा बघा."

चेहरा असा उजळलेला. रांगेतली सगळी माणसं तिच्याकडे बघून हसत होती.

मी म्हटलं, "हो ना. कृपाच."